आवाज शेवटच्या रांगेपर्यंत

(शाळेचे स्नेहसंमेलन, मुशायरा, कव्वालीचा कार्यक्रम अशा प्रसंगी आपण माईक आणि लाउडस्पीकर वापरतो. ही साधने कशी काम करतात, गाणाऱ्यांसाठी ती कशी निवडावीत आणि वापरताना कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'आवाज' हा शब्द तुम्हांला मराठीच्या तासाला शिकवावा लागत नाही. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. तुमच्या 'महफ़िल'ची मराठीत 'मैफल' झाली. शब्द आपोआप आले, पण मैफलीतला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आपोआप जात नाही. त्यासाठी थोडे शास्त्र शिकावे लागते.

समजा, यंदाच्या स्नेहसंमेलनात माईक आणि स्पीकरची जबाबदारी तुमच्या वर्गावर आली आहे. कार्यक्रमात हम्द आहे, नात आहे, एक गझल आहे आणि शेवटी मुलांची कव्वाली आहे. गझल म्हणणारी मुलगी अतिशय सुरेल गाते, पण तिचा आवाज नाजूक आहे. तिची आजी मागच्या रांगेत बसणार आहे. अगदी पुढे, सतरंजीवर, पहिली-दुसरीची लहान मुले बसणार आहेत. मैदानाच्या कुंपणापलीकडे एक प्रसूतिगृह आहे. आता सांगा, तुम्ही काय कराल? "सगळ्यांत मोठे स्पीकर आणू," असे कोणी म्हणेल. हे उत्तर बरोबर आहे का, ते आपण पाहू.

फार पूर्वी माईक नव्हते. १९२१ साली मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन थोर गायकनटांनी 'संगीत मानापमान' या नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. तो प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजरामर झाला. त्या काळी आपल्या नाट्यगृहांत ध्वनिक्षेपक नव्हते. गायकाला आपला आवाज स्वतःच्या बळावर शेवटच्या प्रेक्षकापर्यंत न्यावा लागे. ज्याचा आवाज लहान, त्याला मोठ्या सभेत गाणे कठीणच. दूर अमेरिकेत मात्र याआधीच प्रयोग सुरू झाले होते. १९१५ साली पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्को शहरात हजारो लोकांच्या जमावाला लाउडस्पीकरवरून भाषण व संगीत ऐकवले. पुढे हे साधन जगभर पसरले. त्याचा मोठा लाभ नाजूक आवाजाच्या गायकांना झाला. हळुवारपणे गायलेली ओळही आता हजार माणसांना ऐकू येऊ लागली.

ध्वनियंत्रणेचे मुख्य भाग चार. पहिला मायक्रोफोन, म्हणजे माईक. तो आवाजाच्या लहरींचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. दुसरा मिक्सर. निरनिराळ्या माईकमधून येणारे आवाज तो एकत्र करतो आणि प्रत्येकाचे प्रमाण कमी-जास्त करू देतो. तिसरा ॲम्प्लिफायर. तो विजेच्या क्षीण लहरींना बळ देतो. चौथा स्पीकर. तो विजेच्या लहरींचे पुन्हा आवाजात रूपांतर करतो. आजकालच्या पुष्कळ स्पीकरांच्या खोक्यातच ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. या चारपैकी एक जरी भाग कच्चा असला, तरी बाकीचे तीन चांगले असून उपयोग होत नाही.

प्रथम माईककडे वळू. माईकचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. डायनॅमिक माईकमध्ये एक पातळ पडदा, तारेचे वेटोळे आणि लोहचुंबक असते. आवाजाने पडदा हलतो, वेटोळे चुंबकाजवळ हलते आणि वीज निर्माण होते. हा माईक दणकट असतो आणि त्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. दुसरा प्रकार कंडेन्सर माईकचा. तो अधिक संवेदनशील असतो. बारीकसारीक आवाजही तो टिपतो, पण त्याला वीज पुरवावी लागते. ती बहुधा मिक्सरमधूनच दिली जाते आणि तिचा दाब सामान्यतः ४८ व्होल्ट असतो. मैदानावर, गर्दीत, मुलांच्या हातांत द्यायचा असेल तर डायनॅमिक माईकच बरा. शुअर या अमेरिकन कंपनीचा एसएम-५८ हा डायनॅमिक माईक १९६६ साली बाजारात आला. आजही जगभरातील गायक तो वापरतात. साधी आणि मजबूत वस्तू किती काळ टिकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

माईक निवडताना आणखी एक प्रश्न विचारावा. तो कोणत्या दिशेचा आवाज घेतो? काही माईक चारही बाजूंचा आवाज सारखाच घेतात. काही मात्र समोरचा आवाज जास्त घेतात आणि पाठीमागचा फार कमी घेतात. या दुसऱ्या प्रकाराला 'कार्डिऑइड' म्हणतात, कारण त्याच्या ग्रहणक्षेत्राची आकृती हृदयासारखी दिसते. रंगमंचावर गाण्यासाठी हाच प्रकार योग्य. का, ते समजण्यासाठी माईकची शिट्टी कशी वाजते ते पाहा.

कार्यक्रम रंगात आलेला असतो आणि एकाएकी स्पीकरमधून कर्कश शिट्टी ऐकू येते. सगळे कानांवर हात ठेवतात. लोक म्हणतात, "माईक बिघडला." पण बहुधा माईक बिघडलेला नसतो. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो. ॲम्प्लिफायर तो आणखी मोठा करतो. तो स्पीकरमधून बाहेर पडतो आणि पुन्हा माईकमध्ये शिरतो. असे चक्र क्षणात अनेक वेळा फिरते आणि शिट्टी वाजते. हे चक्र तोडण्याचे उपाय सोपे आहेत. स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवावेत. गायकाने माईक तोंडाजवळ, साधारण चार बोटांच्या अंतरावर धरावा. तोंड जवळ असले की आवाज जास्त वाढवावा लागत नाही. माईकची जाळी मुठीत झाकू नये. काही मुले नटांची नक्कल करून माईक तसा धरतात. जाळी झाकली की कार्डिऑइड माईक चारही बाजूंचे ऐकू लागतो आणि शिट्टीला आमंत्रण मिळते. माईकमध्ये फुंकर मारून किंवा त्यावर टिचकी मारून तो तपासू नये. दोन शब्द बोलून तपासावा.

आता माईक किती हवेत? गझलेसाठी गायिकेला एक आणि हार्मोनियम-तबल्याला एकेक, असे तीन पुरेत. कव्वालीत मुख्य कव्वाल असतो, त्याला साथ देणारा दुसरा गायक असतो, हार्मोनियम आणि ढोलक किंवा तबला असतो, आणि मागे बसून टाळ्या देत सुरात सूर मिळवणारी मंडळी असतात. प्रत्येकाला माईक द्यावासा वाटेल, पण तसे करू नये. चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्यापूर्वी आवाज वाढवण्याची जी मोकळीक असते, ती सुमारे ३ डेसिबलने कमी होते. मुख्य कव्वालाला एक, जोडीदाराला एक, दोन वाद्यांना दोन आणि मागच्या सर्वांना मिळून दोन, असे सहा माईक पुरतात. मग मिक्सरला सहा जागा हव्यात. आठ जागांचा मिक्सर घेतला म्हणजे दोन जागा हाताशी राहतात. गझलेच्या वेळी नको असलेले माईक बंद ठेवावेत, म्हणजे नाजूक आवाज मोकळेपणाने वाढवता येतो.

वर डेसिबल हा शब्द आला. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. एक मीटरवरून ऐकलेले आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. हे माप समजले की स्पीकर विकणाऱ्याच्या भूलथापांना आपण बळी पडत नाही. दुकानदार म्हणतो, "शंभर वॅटऐवजी दोनशे वॅटचा घ्या, आवाज दुप्पट होईल." हे खरे नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी तो सुमारे १० डेसिबलने वाढावा लागतो, म्हणजे वॅट दहापट करावे लागतात! म्हणून वॅटबरोबर स्पीकरची संवेदनशीलताही विचारावी. एक वॅट वीज दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. समजा, एका स्पीकरचा आकडा ९० आहे आणि दुसऱ्याचा ९६. पहिल्यातून ११० डेसिबल मिळवायला १०० वॅट लागतात. दुसऱ्यातून तेवढाच आवाज २५ वॅटमध्ये मिळतो.

हा आवाज दूर जाताना कमी होतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की तो सुमारे ६ डेसिबलने घटतो. एक मीटरवर ११० डेसिबल असेल, तर दोन मीटरवर १०४, चार मीटरवर ९८, आठ मीटरवर ९२ आणि सोळा मीटरवर ८६ राहतो. आता आपल्या कार्यक्रमाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. सोळा मीटरवर बसलेल्या आजीला ऐकू यावे म्हणून आपण आवाज वाढवला, तर दोन मीटरवर सतरंजीवर बसलेल्या चिमुकल्यांच्या कानांवर १०४ डेसिबल आदळतील. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील नायॉश या संस्थेने एक हिशेब घालून दिला आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालेल. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटे उरते. आपला कार्यक्रम तर दोन-तीन तास चालतो. कानाच्या आतील सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. लहान मूल आपले कान दुखतात असे सांगतही नाही. ते टाळ्या वाजवत बसते.

मग आजीने काय करावे? आवाज वाढवण्याऐवजी स्पीकरची जागा बदलावी. स्पीकर जमिनीवर न ठेवता उंच स्टँडवर, माणसांच्या डोक्यांच्या वर ठेवावेत आणि त्यांचे तोंड मागच्या रांगांकडे किंचित झुकवावे. असे केले की पुढच्या मुलांचे स्पीकरपासूनचे अंतर वाढते आणि आवाजाचा मुख्य झोत त्यांच्या डोक्यांवरून पुढे जातो. तरीही मुलांची सतरंजी स्पीकरपासून चार-पाच मीटर दूर, मधोमध अंथरावी. मैदान लांब असेल, तर मध्यावर दोन लहान स्पीकर आणखी लावावेत. यात एक गोष्ट लक्षात ठेवावी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, वीज मात्र तारेतून क्षणार्धात पोहोचते. ३४ मीटरवर स्पीकर लावला, तर त्याचा आवाज रंगमंचावरच्या आवाजाच्या एक दशांश सेकंद आधीच ऐकू येतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकल्यासारखा वाटतो. नव्या डिजिटल मिक्सरमध्ये मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडण्याची सोय असते.

भोंग्याचा मोह टाळावा. भोंगा दूरवर ऐकू जातो, स्वस्त असतो, घोषणेसाठी उत्तम असतो. पण त्यातून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. ढोलकचा घुमारा आणि गळ्यातला गोडवा त्यात हरवतो. गाण्यासाठी खोक्याचे स्पीकरच घ्यावेत. तसेच एक लहान स्पीकर गायकाकडे तोंड करून, माईकच्या पाठीमागच्या बाजूला ठेवावा. त्याला मॉनिटर म्हणतात. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला नाही, की गायक नकळत ओरडू लागतो. सूर सुटतो आणि घसा बसतो. नाजूक आवाजाच्या मुलीला मोठ्या स्पीकरपेक्षा या लहानशा मॉनिटरचा आधार अधिक होतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, सुरक्षितता. गायकाच्या हातात धातूचा माईक असतो आणि तो विजेच्या उपकरणाला जोडलेला असतो. म्हणून तीन पिनांचा प्लग आणि चांगले अर्थिंग हवेच. स्पीकरमधून घरघर येते म्हणून काही लोक अर्थिंगची पिन काढून टाकतात. ही जिवाशी खेळण्याची गोष्ट आहे, ती कधीही करू नये. घरघर घालवायची असेल, तर तीन पिनांच्या जोडणीची चांगली बॅलन्स्ड वायर वापरावी आणि माईकची वायर विजेच्या वायरपासून दूर ठेवावी. ओल्या हातांनी माईक धरू नये. वायरी वाटेत लोंबकळत ठेवू नयेत. विजेची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. ते विद्यार्थ्यांचे काम नाही.

कुंपणापलीकडच्या प्रसूतिगृहाला विसरू नका. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार लाउडस्पीकर लावण्यासाठी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात मोकळ्या जागेत तो लावता येत नाही. राज्य सरकार सणा-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. त्यामुळे कार्यक्रम ठरवण्यापूर्वी मुख्याध्यापकांमार्फत पोलीस ठाण्यात चौकशी करावी. जवळ रुग्णालय असेल, तर मैदानाऐवजी सभागृह निवडणे चांगले. पण कायदा नसता तरी आपण हेच केले असते, नाही का? शेजाऱ्याला त्रास देऊन मिळवलेली वाहवा काय कामाची?

शेवटी पैशांचा प्रश्न. वर्षातून एक-दोन कार्यक्रम करणाऱ्या शाळेने यंत्रणा भाड्याने घ्यावी. दर आठवड्याला कार्यक्रम होत असतील, तर विकत घेण्याचा विचार करावा. पैसे थोडे असतील, तर आधी दोन चांगले माईक आणि दोन चांगले स्पीकर घ्यावेत, बाकीचे नंतर. व्यवहार पक्का करण्यापूर्वी गाणाऱ्याला सोबत न्यावे, त्याला माईकवर गायला लावावे आणि आपण डोळे मिटून ऐकावे. प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो का? आवाज ओळखीचा वाटतो का? सामानावरचे दिवे आणि चकाकी पाहून भुलू नये. कार्यक्रमाच्या दिवशी श्रोते येण्याआधी तालीम करावी. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो. माणसे भरली की त्यांचे कपडे आणि शरीरे आवाज शोषून घेतात व घुमणे कमी होते. म्हणून तालमीत थोडे घुमले तर घाबरू नये.

मित्रांनो, आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतः देऊ शकाल. उद्या आपल्या शाळेच्या सभागृहात जा. रंगमंचापासून शेवटच्या रांगेपर्यंत किती पावले आहेत ते मोजा. विजेचे प्लग कोठे आहेत ते पाहा. एका मित्राला रंगमंचावर उभे करून माईकशिवाय गायला सांगा आणि तुम्ही मागे जाऊन ऐका. जितके कमी पडते, तितकेच यंत्राकडून घ्यायचे आहे.

शब्दार्थ

ध्वनियंत्रणा – आवाज मोठा करून पोहोचवणाऱ्या साधनांची मांडणी
दक्षता – काळजी (उर्दू : एहतियात)
श्रोते – ऐकणारे (उर्दू : सामईन)
क्षीण – दुबळे (उर्दू : कमज़ोर)
रूपांतर – एका रूपातून दुसऱ्या रूपात बदल (उर्दू : तब्दीली)
संयुक्त – मिळून केलेला (उर्दू : मुश्तरका)
कर्कश – कानाला बोचणारा
तालीम – कार्यक्रमापूर्वीचा सराव (लक्षात ठेवा : उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण)
परवानगी – मान्यता (उर्दू : इजाज़त)

वाक्प्रचार

भूलथापांना बळी पडणे – खोट्या बोलण्याने फसणे
रंगात येणे – आनंदाने बहरणे
जिवाशी खेळणे – प्राण धोक्यात घालणे
घसा बसणे – आवाज फुटेनासा होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ध्वनियंत्रणेचे चार मुख्य भाग कोणते?
(आ) मैदानावर मुलांच्या हातांत कोणता माईक द्यावा?
(इ) मॉनिटर कोठे ठेवतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) माईकची जाळी मुठीत झाकू नये.
(आ) गाण्यासाठी भोंगा वापरू नये.
(इ) रिकाम्या सभागृहात आवाज जास्त घुमतो.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) माईकची शिट्टी कशी वाजते? ती टाळण्याचे उपाय कोणते?
(आ) पुढे बसलेल्या लहान मुलांच्या कानांची काळजी कशी घ्यावी?

प्र. ४. एका स्पीकरचा आवाज एक मीटरवर १०४ डेसिबल आहे. मोकळ्या मैदानात आठ मीटरवर तो सुमारे किती असेल?

प्र. ५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे दहा शब्द शोधा. ज्यांचा अर्थ बदलला आहे, त्यांवर खूण करा.

उपक्रम : आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी लागणाऱ्या माईक व स्पीकरची यादी गटाने तयार करा. लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी मुख्याध्यापकांच्या नावे मराठीत विनंतीपत्र लिहा.